सांडवा होता, हीटर नव्हता

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, अमरावतीचे एक निवृत्त मुख्याध्यापक अकोल्याच्या एका निवृत्त शाखा अभियंत्याच्या अंतराळयानात थंडीने मरण पावले. यान संगणकावरच्या खेळातले होते आणि मरणही खेळातलेच. त्या वेळी अकोल्यात बाहेर पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापमान होते. दोघे एकमेकांचे व्याही होते आणि मुलांच्या लग्नाच्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

अभियंता माझे घरमालक. जठारपेठेत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकाच्या अकोला आवृत्तीत डेस्कवर काम करत होतो. काम संध्याकाळी सुरू होई, त्यामुळे दुपार मोकळी असे. उन्हाळ्यात दुपारी वरच्या खोलीत बसणे शक्य नव्हते. मी खाली त्यांच्या हॉलमध्ये येऊन बसे. पुढचा मजकूर त्या दुपारांवर आधारलेला आहे. जे मी पाहिले नाही, ते ज्यांनी पाहिले त्यांना नंतर विचारून घेतले आहे.

सगळे त्यांना काका म्हणत. ते मला ‘पेपरवाले’ म्हणत. घरात पांढरी बंडी आणि पायजमा, बाहेर जाताना त्यावर सदरा, आणि खिशात मोजपट्टी. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात कालव्यांवर आणि लहान तलावांवर गेली होती. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, मोजपट्टी सुटली नाही.

‘हवा खेळली पाहिजे,’ हे त्यांचे आवडते वाक्य. ते कोणाच्याही घरी गेले की आधी खिडक्या पाहत, मग माणसे. अकोल्यात लोक मार्चमध्ये कूलर बाहेर काढतात. काका फेब्रुवारीत काढत. त्यांच्या घरात तीन खोल्या आणि चार कूलर होते. चौथा पहिल्या तिघांना हवा पुरवण्यासाठी होता. एकदा ते आमच्या कार्यालयात काही कामाने आले. काम बाजूला राहिले. त्यांनी आवृत्तीप्रमुखांच्या केबिनमधला कूलर खिडकीकडे सरकवायला लावला, समोरचा दरवाजा उघडा ठेवायला सांगितला आणि निघून गेले. आवृत्तीप्रमुखांच्या टेबलावरचे कागद दिवसभर उडत होते. केबिन मात्र त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा थंड झाली.

खेळ त्यांना जावयाने लावून दिला. जावई अमरावतीचा, घरून संगणकाचे काम करणारा. खेळात एका ओसाड ग्रहावर खनिज खणायचे, त्याचे पत्रे, तारा, मोटारी तयार करायच्या आणि त्या जोडून अंतराळयान उभे करायचे. इंजिने, बॅटऱ्या, सौरपत्रे, प्राणवायू तयार करणारे यंत्र, तोल सांभाळणारी चाके, दुसऱ्या यानाला जोडायचे दार, सगळे सुटे मिळते. कुठे काय बसवायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. बहुतेक लोक दुसऱ्यांनी केलेले तयार नकाशे उतरवून घेतात. काकांनी एकही घेतला नाही. ‘दुसऱ्याचं डिझाइन आपल्या साइटवर बसत नाही,’ असे त्यांचे म्हणणे होते. साइट कोणाचीच नव्हती, ती एका चौकोनी पडद्यावर होती, हे त्यांना मान्य होते. म्हणणे बदलले नाही.

त्यांचे पहिले यान तयार झाले तेव्हा मी नुकताच राहायला आलो होतो. इंजिने बसली होती, टाक्या भरल्या होत्या, आणि यान जमिनीवरच उभे होते. काही दिवस गेले तरी ते उडेना. मी कारण विचारले.

‘क्युरिंग चालू आहे,’ काका म्हणाले.

क्युरिंग नव्या सिमेंटचे करतात, पाणी मारून ते पक्के होईपर्यंत. यान पत्र्याचे होते. त्यात सिमेंटचा कण नव्हता. तसे मी म्हणालो.

‘माहीत आहे मले. पन काम झाल्याबरोबर लोड देऊ नये जी. बसू द्या त्याले.’

रोज दुपारी ते खेळ सुरू करत, यानाभोवती पायी एक फेरी मारत, कोपऱ्यावर थांबून वर पाहत आणि खेळ बंद करत. यान बसले असे वाटल्यावर त्यांनी ते उडवले. ते नीट उडाले. त्यामुळे क्युरिंग पुढच्या प्रत्येक यानाला लागू झाले.

काकू स्वयंपाकघरातून ये-जा करताना पडद्याकडे पाहत. बोलणे काकांशी असे, पण ऐकणारा मी असे.

‘मोरीतल्या नळाचा वायसर बदला म्हून सांगून राहिली मी. नळ गळून राहिला घरात, अन् हे पाइपलाइन टाकून राहिले चंद्रावर.’

‘चंद्र नाही थो.’

‘मंग असो काहीबी. नळ तं आपलाच आहे ना?’

काकांच्या यानाची खरी ओळख सांडवा ही होती. तलावात पाणी जास्त झाले तर ते भिंत न फोडता बाहेर जावे म्हणून ठेवलेली वाट म्हणजे सांडवा. काकांनी यानाच्या मागच्या अंगाला तसा सांडवा ठेवला होता. आत हवा जास्त झाली तर ती तिथून बाहेर जाई. हवा जास्त होत नव्हती. तरी ती जात होती. ती भरून काढायला त्यांनी प्राणवायूचे दुसरे यंत्र बसवले. यंत्राला वीज लागली म्हणून बॅटऱ्या वाढल्या. बॅटऱ्यांसाठी सौरपत्रे वाढले, आणि पत्र्यांच्या वजनासाठी इंजिने. यान पहिल्याच्या दुप्पट झाले.

जावई फोनवर म्हणाला, ‘बाबा, तो सांडवा बंद केला तर अर्धं सामान काढता येईल.’

‘सांडव्याशिवाय काम पास करत नाही मी.’

‘बाबा, अंतराळात पूर येत नाही.’

‘पूर येत नाही हे पूर येईपर्यंत सगळेच म्हणतात,’ काका म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला.

यानाच्या दर्शनी भागात त्यांनी ओटा केला होता. त्यावर दोन खुर्च्या. ओट्यावरून आत गेले की बैठकीची खोली, आणि तिच्या चारही भिंतींत थंड हवेची यंत्रे. खेळात ही यंत्रे इंजिनाची खोली तापू नये म्हणून असतात. राहत्या खोल्यांसाठी वेगळे हीटर मिळतात, कारण अंतराळ थंड असते. काकांनी हीटर एकही बसवला नव्हता. यंत्रे सगळ्या खोल्यांत होती.

पडद्याच्या कोपऱ्यात खोलीचे तापमान दिसे. बैठकीचा आकडा उणे बावीस होता. काका तो आल्यागेल्याला दाखवत.

‘उणे बावीस. अकोल्यात आहे का कोनाच्या घरी?’

मी त्यांना विचारले की इतकी थंडी आतल्या माणसाला चालेल का. काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

‘पेपरवाले, तुमी इतक्या बातम्या छापता. थंडीनं मेलेला मानूस पाह्यला का अकोल्यात?’

मी पाहिला नव्हता. त्यांचा स्वतःचा खेळातला माणूस कायम अंतराळाचा पोशाख घालून चालकाच्या खुर्चीत बसलेला असे. पोशाखात ऊब असते. त्यामुळे तोही मेला नव्हता.

आता लग्नाबद्दल. काकांच्या एकुलत्या मुलीचे लग्न अकोल्यातच झाले, तेही मे महिन्यात. अमरावतीहून वराकडची मंडळी मंगल कार्यालयाच्या दाराशी उतरली. पुढे वराचे वडील होते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, शर्टाचे वरचे बटण लावणारे, वेळेवर येणारे आणि समोरच्यानेही तसेच वागावे असे वाटणारे गृहस्थ. वधूपित्याने पुढे होऊन त्यांना आत न्यायचे होते. वधूपिता दाराजवळच्या मोठ्या कूलरमध्ये मानेपर्यंत शिरलेले होते.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘जयभीम.’

काकांनी डोके बाहेर काढले, त्यांना पाहिले, म्हणाले, ‘थांबा जरा, पानी चढून राहिलं,’ आणि डोके पुन्हा आत घातले.

वराकडची मंडळी पाणी चढेपर्यंत उन्हात उभी होती. कूलर सुरू झाला. लग्न वेळेवर लागले. मुख्याध्यापक जेवले आणि गेले, आणि त्यानंतर अकोल्याला आले नाहीत. काकांच्या मते त्यांनी पाहुण्यांसाठीच ते केले होते. ‘गरमीत बसवले असते तर म्हणाले असते, सोय नाही,’ असे ते सांगत. फोन करायला मात्र तयार नव्हते.

गेल्या वर्षी काकांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला आली. मुलगी झाली. नाव ठेवायचा कार्यक्रम रविवारी ठरला. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचे असते, आणि आत्या म्हणजे मुख्याध्यापकांची मुलगी. अमरावतीहून निरोप आला की मुख्याध्यापक येणार नसतील तर आत्याही येणार नाही. जावई एकटा येईल.

मुलगी बाळाला मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसलेली होती. मी पेपर वाचत होतो.

‘बाबा, तुमी एक फोन करा ना.’

‘काहून करू? मी काय केलं?’

‘मंग आत्या कुठून आनू मी? शेजारून?’

काका यानाभोवती फेरी मारत राहिले.

तोडगा मुलीने आणि जावयाने मिळून काढला. जावयाने हा खेळ आपल्या वडिलांनाही लावून दिला होता. दोन्ही याने खेळातल्या एकाच ग्रहाभोवती कित्येक महिने फिरत होती. एकमेकांना दिसत होती आणि जवळ जात नव्हती. मुख्याध्यापकांचे यान लहान, तयार नकाशाबरहुकूम बांधलेले. पुढच्या बाजूला त्यांनी ध्वजस्तंभ वाढवला होता, तेवढाच फरक.

‘फोनवर बोलू नका,’ मुलगी म्हणाली. ‘जहाज तर जोडा. ते तुमच्याकडे येतील. तुमी त्यायले आत घ्या. बस.’

मुख्याध्यापकांचा लेखी निरोप पडद्यावर आला. ‘मंगळवारी दुपारी तीन वाजता येण्यास मी तयार आहे. दार उघडे असावे.’

काकांनी तो दोनदा वाचला. ‘या वेळेस चूक नाही होणार,’ ते म्हणाले.

मंगळवारी काका जेवण झाल्याबरोबर संगणकासमोर बसले. पाहुणे येणार म्हणून त्यांनी यानातली सगळी थंड यंत्रे पूर्ण जोराने सुरू केली. अकोल्यात पाहुणा उन्हातून येणार असेल तर कूलर आधी तासभर चालू ठेवतात. त्यांनी तेच केले. आकडा उणे बावीसच्या खाली जाऊ लागला. काकांनी आम्हाला तो दाखवला. मुलगी बाळाला जोजवत होती. काकू दारात उभ्या होत्या.

ठरल्या वेळी मुख्याध्यापकांचे यान हळूहळू जवळ आले, थांबले, सरळ झाले आणि दाराला दार लागले. हिरवा दिवा लागला. काका चालकाच्या खुर्चीतून उठले आणि दारापर्यंत पुढे गेले. लग्नानंतर हे पहिलेच सामोरे जाणे होते.

‘या, इवाई, या,’ काका म्हणाले. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात.

‘धन्यवाद,’ संगणकातून मुख्याध्यापकांचा आवाज आला.

मुलीने माझ्याकडे पाहिले. इथपर्यंत सगळे नीट होते.

‘हा ओटा. हे बैठक. अन् इकडे या, हा सांडवा पाहा,’ असे म्हणत काका वळले आणि पुढे चालू लागले. ‘हे झडप आपोआप उघडते. दाब वाढला की उघडते, कमी झाला की बंद. म्हणजे कोनी हजर नसलं तरी...’

सांडव्याची माहिती बरीच चालली. मागून उत्तर येत नव्हते.

‘बाबा,’ मुलगी म्हणाली, ‘ते पडले.’

काकांनी मागे वळून पाहिले. बैठकीच्या मधोमध मुख्याध्यापक आडवे होते. त्यांनी पोशाख काढला होता. मुख्याध्यापकांनी नंतर मला त्याचे कारण सांगितले. दारात चपला काढतो तसा तो काढला, असे ते म्हणाले. कोणाच्या बैठकीत डोक्यावर एवढा मोठा टोप घालून जाणे त्यांना बरे वाटले नाही. पोशाखासोबत ऊब गेली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की हा खेळाडू थंडीने मरण पावला.

काकू दारातून म्हणाल्या, ‘लग्नात मान नाही देला. आता जीवच घेतला.’

मुलीला हसू आले. मग तिने बाळाला खांद्यावर घेतले आणि ती आतल्या खोलीत गेली. तिथून बाहेर आली नाही.

खेळात मेलेला माणूस थोड्या वेळात आपल्या तळावर पुन्हा उभा राहतो. मुख्याध्यापक उभे राहिले आणि त्यांनी संगणक बंद केला. संध्याकाळच्या आत जावयाचा फोन आला. वडिलांचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले. ‘त्यांच्याकडे मी दोनदा गेलो. एकदा उन्हात उभा राहिलो, एकदा थंडीत मेलो. तिसऱ्यांदा जाणार नाही.’

बुधवारी दुपारी मी खाली आलो तेव्हा संगणक बंद होता. काका खुर्चीत बसले होते. चारही कूलर चालू होते.

‘पेपरवाले, तुमची चूक झाली तर तुमी काय करता?’

आम्ही खुलासा छापतो, असे मी सांगितले.

‘कुठी?’

आतल्या पानावर. खाली. चूक पहिल्या पानावर असली तरी खुलासा सहसा आतच जातो.

‘अक्षर केवढं?’

लहान.

काका काही वेळ मोजपट्टी उघडत आणि मिटत बसले.

‘नाही चालत,’ ते म्हणाले. ‘चला. तुमची गाडी काढा.’

आम्ही बाजारात गेलो. काकांना खोलीत लावायचा विजेचा हीटर हवा होता. पहिल्या दुकानदाराने त्यांना कूलरची मोटार दाखवली. ‘हीटर,’ काका पुन्हा म्हणाले. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, ‘ऊन लागलं का काकाले?’ दुसऱ्या दुकानात तर सगळे कामगार पाहायला आले. पुढच्या एका दुकानदाराकडे गेल्या हिवाळ्यात न खपलेला एक हीटर माळ्यावर होता. त्याने खोके खाली काढले, फडक्याने पुसले आणि विचारले, ‘काका, कुठी लावता?’

‘इवायाच्या घरी.’

‘भांडन झालं का?’

‘मिटवाले चाललो.’

गुरुवारी सकाळी काका खोके मांडीवर घेऊन अमरावतीच्या गाडीत बसले. समोरच्या प्रवाशाने खोक्यावरचे चित्र पाहिले आणि मूर्तिजापूरला जागा बदलली, असे काकांनी सांगितले. पुढे त्यांच्या व्याह्यांच्या घरी काय झाले ते मला मुख्याध्यापकांकडून आणि त्यांच्या पत्नीकडून, म्हणजे विहीणबाईंकडून कळले. त्या वर्षाच्या शेवटी माझी बदली अमरावती आवृत्तीत झाली. तेव्हा मी त्यांना भेटलो. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

दार मुख्याध्यापकांनी उघडले.

‘जयभीम, इवाई,’ काका म्हणाले. ‘मी आलो.’

‘दिसते आहे,’ मुख्याध्यापक म्हणाले. ‘हे काय?’

‘हीटर. तुमच्यासाठी.’

‘मे महिन्यात?’

‘चूक मे महिन्यात झाली.’ काकांनी खोके पुढे केले. ‘लग्नातली पन मे महिन्यातलीच होती.’

मुख्याध्यापकांनी खोके आत घेतले. त्यांनी ते उघडले, हीटर टेबलावर ठेवला, वायर तपासली आणि तो लावला. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू चालवून पाहिल्याशिवाय ते ताब्यात घेत नसत. तारा लाल झाल्या. बाहेर ऊन होते. दोघे व्याही हीटरसमोर घाम पुसत उभे होते.

‘चालतो,’ मुख्याध्यापक म्हणाले. ‘बसा.’

विहीणबाईंनी हीटर बंद केला, कूलर सुरू केला आणि चहा आणला. कूलर काकांच्या खुर्चीशेजारीच होता आणि त्यात पाणी कमी होते. मोटार कोरडी चालल्याचा आवाज येत होता. काकांनी एकदा तिकडे पाहिले, असे विहीणबाई सांगतात. मुख्याध्यापक तेव्हा नातीबद्दल विचारत होते, वजन किती, डोळे कोणासारखे. काका उत्तरे देत राहिले. उठले नाहीत. पाणी शेवटी विहीणबाईंनीच टाकले.

मुख्याध्यापकांनी रविवारी येतो असे सांगितले नाही. येत नाही असेही सांगितले नाही. काका दुपारच्या गाडीने परत आले आणि मुलीला तेवढेच म्हणाले. मुलीने शुक्रवारी आणि शनिवारी अमरावतीला फोन केला नाही. काकांनी तिला करू दिला नाही.

रविवारी सकाळी काका सदरा घालून फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. मी सावलीत यायला सांगितले. ते आले नाहीत. काकूंनी छत्री पाठवली. ती त्यांनी हातात धरली, उघडली नाही. अमरावतीची गाडी वळणावर दिसली तेव्हा ते तिच्याकडे चालत गेले आणि गाडी थांबायच्या आत दाराशी पोचले. आधी मुख्याध्यापक उतरले, मग विहीणबाई, मग जावई, मग आत्या.

बुद्धवंदना झाली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, मग सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगितले. जेवणे हॉलमध्ये झाली. संध्याकाळी गाडी अमरावतीला परत गेली. तिच्यात जावई, आत्या आणि विहीणबाई होत्या. मुख्याध्यापक नव्हते. ते काकांकडे राहिले आणि बुधवारी अमरावतीला परतले.